ओहोटीच्या कातळावरची पावले

ओहोटीला पाणी मागे सरकते आणि एरवी समुद्राच्या पोटात असणारा खडकाचा एक पट्टा काही तासांपुरता उघडा पडतो. कोकणात त्याला कुठे कातळ म्हणतात, कुठे खडप. दिवसातून दोनदा हा पट्टा समुद्राचा असतो आणि दोनदा जमिनीचा. त्यामुळे त्याच्यावर वस्ती करणाऱ्या जिवांना दोन्हीकडचे सोसावे लागते. भरतीत लाटांचा मार, ओहोटीत ऊन, वारा आणि पावसाळ्यात वरून पडणारे गोडे पाणी. उभ्या कड्यावर हा पट्टा दोन-चार मीटरांत संपतो. सपाट कातळ असेल तर शंभर मीटरही पसरतो. नकाशावर त्याची एक बारीक रेघसुद्धा उमटत नाही, आणि त्यावरच्या बहुतेक जिवांना त्या रेघेबाहेर राहता येत नाही.

रेघेच्या आतही प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सर्वांत वर, जिथे फक्त उधाणाचे तुषार पोचतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई खडकाच्या भेगांत बसलेल्या दिसतात. त्याखाली बार्नेकलचे पांढरट शंकू; होडीच्या बुडाला चिकटतात आणि अनवाणी पायाला कापतात तेच हे. बार्नेकल शंखासारखा दिसला तरी तो खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. लहानपणी पाण्यात तरंगतो, मग एक जागा निवडून डोके खडकाला कायमचे चिकटवतो आणि उरलेले आयुष्य पायांनी पाणी ढवळून तोंडात अन्न ओढत काढतो. आणखी खाली कालवे किंवा शिणाणी (एक प्रकारचे शिंपले) दाटीने बसलेली असतात, त्यांच्याखाली समुद्री शेवाळ, आणि अगदी तळाशी, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत उघडे न पडणाऱ्या भागात, समुद्रफुले, स्पंज आणि उष्ण प्रदेशात प्रवाळ. हे थर कसे ठरतात याचा उलगडा जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील बार्नेकलांवर प्रयोग करून १९६१ मध्ये केला. कोणताही जीव किती वर राहू शकतो हे ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, आणि तो किती खाली उतरू शकतो हे बहुधा त्याचे शेजारी ठरवतात. जागेची ओढाताण इतकी असते की चांगल्या अवस्थेतल्या कातळावर मोकळा दगड शोधावा लागतो.

माणूस या वस्तीत येतो तो नेमका ओहोटीला. शिंपले मिटलेले, शेवाळ आडवे पडून वाळू लागलेले, गोगलगाई निपचित. ज्या वेळी त्यांना सरकता, उघडता किंवा पळता येत नाही तीच वेळ फिरायला सोयीची असते.

ज्या खडकावर लाटा वर्षभर आपटतात त्याला माणसाच्या पावलाने काय होणार, असा प्रश्न साहजिकच पडतो. फुटणाऱ्या लाटेचे पाणी सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेगाने खडकावरून धावू शकते आणि ते सोसूनच ही मंडळी टिकलेली आहेत. पण लाटेचा जोर आडवा असतो. ती ढकलते, ओढते, उचलते. शेवाळ वाकून तिला वाट देते, बार्नेकलच्या उतरत्या भिंतींवरून पाणी घसरते, शिणाणी रेशमासारख्या चिवट धाग्यांनी दगडाला बांधलेली असतात, आणि लिंपेट नावाची टोपीसारख्या कवचाची गोगलगाय मांसल पायाने दगडाला घट्ट धरून बसते. पाऊल वरून येते. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि तळवा पूर्ण टेकला तर दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम अर्धा किलो भार येतो. पण ओबडधोबड कातळावर तळवा पूर्ण टेकतच नाही. चार उंचवट्यांवर सगळे वजन येते आणि भार सहज दसपट होतो. ते उंचवटे म्हणजेच कोणाची तरी कवचे असतात. त्यात बुटाची खरखरीत टाच वळली की शेवाळाचे पाते दगड आणि रबर यांच्यामध्ये भरडले जाते. वाकून वाट देण्याची युक्ती इथे कामाला येत नाही.

लगेच मरतात ते जीव मोजता येतात. अर्धवट सुटलेल्यांचे काय झाले ते पुढच्या वादळात कळते. शिणाण्यांचे काही धागे तुटले, शेवाळाची पकड एका बाजूने निघाली, तरी वरून सगळे जागच्या जागी दिसते. मोठ्या लाटा येतात तेव्हा तो सैल झालेला भाग निघून जातो, आणि नुकसान समुद्राच्या खात्यावर मांडले जाते. दगड उलटून पाहण्याच्या सवयीचेही असेच. खालच्या अंगाला ओल आणि सावली शोधून राहिलेली अंडी, स्पंज, किडे उन्हात येतात, वरचे शेवाळ अंधारात जाते; दगड परत सरळ केला नाही तर दोन्ही बाजू मरतात.

पावलांचा परिणाम मोजणे वाटते तितके सोपे नाही. गर्दीचा किनारा आणि निर्जन किनारा यांची तुलना करणे हा पहिला मार्ग, आणि कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ परिसरात कमी-जास्त वर्दळीच्या जागा ताडून पाहणारा असा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्धही झाला. अडचण अशी की गर्दीचा किनारा बहुधा उताराने सोपा, रस्त्याजवळचा, कधी गटाराजवळचाही असतो. मग फरक पावलांनी पडला की उताराने की सांडपाण्याने, हे सुटे करता येत नाही. म्हणून प्रयोग करावा लागतो. सारख्या दिसणाऱ्या खडकावर लहान चौकोन आखायचे, कोपऱ्यांत खिळे ठोकून त्यांची जागा पक्की करायची, चिठ्ठ्या टाकून काही चौकोन चालण्यासाठी आणि काही न चालण्यासाठी ठेवायचे, आणि मग संशोधकांनी स्वतः मोजून पावले टाकायची. विज्ञानाच्या नावाखाली केलेले इतके साधे काम क्वचितच पाहायला मिळते, पण त्यातून निघालेले आकडे पक्के आहेत.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात डेबोरा ब्रॉसनन आणि लाना क्रमराइन यांनी असा प्रयोग केला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. महिन्यातून एक दिवस, प्रत्येक चौकोनावर अडीचशे पावले, असे वर्षभर. सुट्टीच्या दिवशी लोकप्रिय किनाऱ्यावर पडणाऱ्या पावलांच्या मानाने हे काहीच नव्हे. वरच्या भागात, जिथे शेवाळ आणि बार्नेकल एकत्र राहतात, तिथे पानांसारखे उभे वाढणारे शेवाळ झपाट्याने कमी झाले आणि बार्नेकल चिरडले गेले. गालिच्यासारखे आखूड, दाट शेवाळ मात्र टिकले, आणि शेजारी हटल्यामुळे त्याचा वाटा वाढला. शिणाण्यांच्या एकेरी थरात पावलांनी शिणाणी उखडली. चालणे थांबल्यावर पहिल्या भागातील वस्ती साधारण वर्षभरात सावरली. शिणाण्यांचा थर दोन वर्षांनंतरही सावरला नव्हता. उलट एका ठिकाणी पडलेली भगदाडे चालणे बंद झाल्यावर आणखी मोठी होत गेली.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे. शिणाण्यांची वस्ती म्हणजे एकमेकांना बांधलेली वीण असते. प्रत्येक शिंपल्याचे धागे दगडाला आणि शेजाऱ्यालाही जोडलेले असतात. मध्ये भोक पडले की त्याच्या कडेच्या शिंपल्यांचा एका बाजूचा आधार जातो, लाट तिथून आत शिरते आणि गोधडीची उसवलेली शिवण जशी सुटत जाते तशी कड सुटत जाते. पाऊल फक्त पहिला टाका उसवते.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डेव्हिड शील आणि त्यांचे सहकारी टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळ्या प्रश्नाचे, किती पावलांनी किती मोडते याचे, उत्तर देतो. तिथल्या कातळावर हॉर्मोसिरा नावाचे तपकिरी शेवाळ पसरते. त्याला नेपच्यूनचा हार असेही म्हणतात, कारण ते पाण्याने भरलेल्या मण्यांची माळ ओवल्यासारखे दिसते. मण्यांतल्या पाण्यावर ते ओहोटी काढते आणि आपल्या सावलीत खालच्या चुनखडी शेवाळाचा थरही ओला ठेवते. चौकोनावरून नुसत्या दहा वेळा चालल्यावर या शेवाळाचे आच्छादन सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले. दोनशे वेळा चालल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक गेले. छप्पर उडाल्यावर खालचा थर उन्हाने पांढरा पडून जळाला, म्हणजे ज्याला पाऊल लागलेच नव्हते तोही गेला.

या दोन आकड्यांचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या दहा फेऱ्यांत दर फेरीला अडीच टक्के आच्छादन गेले. पुढच्या एकशे नव्वद फेऱ्यांत दर फेरीला एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे सुरुवातीचा एक माणूस नंतरच्या सातांइतके नुकसान करतो. शंभर माणसांनी तुडवलेल्या वाटेवर एकशेएकाव्या माणसाला मोडायला फारसे उरलेले नसते. अस्पर्श कातळावर पहिला उतरणारा, बहुधा शांत जागा शोधणारा निसर्गप्रेमीच, सर्वांत महागात पडतो. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

तुडवलेला कातळ ओसाड होतोच असे नाही. पुष्कळदा तो हिरवाच दिसतो, आणि म्हणून फसवतो. उंच, मऊ, फांद्यांचे शेवाळ जाते. दगडाला रंगासारखे चिकटलेले आणि गालिच्यासारखे आखूड शेवाळ राहते. उंच शेवाळाच्या सावलीत राहणारे बारीक खेकडे, किडे, शंखांची पिल्ले नाहीशी होतात. पक्ष्यांवरचा परिणाम आणखी अप्रत्यक्ष. ओहोटीचे चार तास हीच ज्यांची जेवणाची वेळ, त्या किनारी पक्ष्यांना माणूस जवळ आला की उडावे लागते, आणि गेलेला तास भरती परत देत नाही.

पावले थांबल्यावर कातळ सावरतो का, याचे उत्तर कोण गेले होते आणि शेजारी कोण उरले आहे यावर अवलंबून असते. बार्नेकलची पिल्ले पाण्यात कित्येक दिवस तरंगत दूरवर जातात, आणि बसायची वेळ आली की जिथे आधीचे बार्नेकल आहेत किंवा होते तिथे बसणे पसंत करतात. त्यामुळे एका हंगामात मोकळा दगड पुन्हा पांढरा होऊ शकतो. शिणाण्यांची पिल्लेही दूरवर जातात, पण त्यांना गुळगुळीत दगड चालत नाही. मोठ्या शिणाण्यांचे धागे किंवा तंतूंसारखे शेवाळ त्यांना आधाराला लागते. म्हणजे वस्ती परत येण्यासाठी वस्ती थोडी तरी उरलेली असावी लागते. मोठ्या तपकिरी शेवाळांची अंडी तर आईपासून काही मीटरांतच खाली बसतात. अशा शेवाळाचा खडकावरचा शेवटचा झुपका गेला तर शेजारच्या उपसागरात ते कितीही असले तरी उपयोग नसतो. थंड समुद्रातल्या काही शिकारी शंखांची पिल्ले पाण्यात तरंगतच नाहीत. ती दगडाला चिकटवलेल्या अंड्यांच्या कुप्यांतून थेट चालत बाहेर पडतात आणि गोगलगाईच्या चालीनेच नवा प्रदेश मिळवतात.

सर्वांत संथ घड्याळ बहुधा अ‍ॅस्कोफायलम या उत्तर अटलांटिकमधील शेवाळाचे. त्याचा एकेक झुपका कित्येक दशके जगतो, आणि नवी रोपे मात्र फार थोडी तग धरतात. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटावर संशोधकांनी त्याचे आच्छादन मुद्दाम काढून टाकले आणि बारा वर्षांनी पाहिले, तेव्हाही ते पूर्ववत झाले नव्हते. त्याची जागा दुसऱ्या, लवकर वाढणाऱ्या शेवाळांनी घेतली होती. तिथे पाय नव्हे तर संशोधकाचे खरवडणे कारण होते, पण मोकळा दगड कशाने झाला याच्याशी शेवाळाच्या पिल्लाला देणेघेणे नसते. मुळाची पकड शाबूत राहिली असेल तर गोष्ट वेगळी. पकडीतून पुन्हा फुटवे येतात आणि वर्षाची कामे महिन्यांत होतात. हलकी तुडवण आणि जोराची तुडवण यांतला खरा फरक हाच.

आता सावरला म्हणजे काय झाले, हा त्याहून अवघड प्रश्न. सरळ रेषेत कातळ क्वचितच सावरतो. १८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आपटले. सांडलेल्या तेलावर हजारो टन विषारी निर्मलके फवारली गेली आणि त्यांनी किनाऱ्यावरचे लिंपेट मारले. लिंपेट हे कातळावरचे चरणारे ढोर. ते गेल्यावर आधी हिरवे शेवाळ माजले, मग तपकिरी शेवाळाचे जंगल झाले, त्या ओलसर सावलीत लिंपेटांची पिल्ले बेसुमार जगली, त्यांनी मोठे होऊन जंगल फस्त केले आणि मग अन्नावाचून तीही मेली. हा झोका थांबून कातळ नेहमीच्या चढउतारात यायला दहा ते पंधरा वर्षे गेली. मधल्या कोणत्याही वर्षी तिथे उभे राहून हिरवळ पाहणाऱ्याने किनारा बरा झाला असेच म्हटले असते.

चिलीतील गोष्ट तर अपेक्षेच्या उलटीच आहे. लास क्रूसेस गावी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रापुढचा किनारा डिसेंबर १९८२ पासून लोकांना बंद करण्यात आला. त्याआधी शिंपले-शंख गोळा करणारे तिथे रोज उतरत. हुआन कार्लोस कास्तिया यांनी त्यानंतर काय घडले ते नोंदले. लोको नावाचा मोठा शिकारी शंख, चिलीतल्या जेवणात ज्याला मोठा मान, तो कातळावर परत आला आणि मोठा होऊ लागला. लोको शिणाणी खातो. थोड्याच वर्षांत ज्या काळ्याभोर शिणाण्यांनी कातळ झाकलेला असे ती जवळजवळ संपली आणि उघड्या दगडावर बार्नेकल बसले. कुंपणाबाहेर शिणाण्यांचा गालिचा तसाच राहिला. माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने जो गालिचा तयार झाला होता तोच सगळ्यांना मूळ निसर्ग वाटत होता. चिलीच्याच मेहुइन येथील राखीव किनाऱ्यावर दुसऱ्या गटाला असाच अनुभव आला. तिथे मोठे लिंपेट वाढले आणि ज्या शेवाळाने खडक भरला होता ते घटले.

यामुळेच सावरण्याचे माप म्हणून जुना फोटो पुरत नाही. न तुडवलेले चौकोनही वर्षागणिक बदलतात. एखाद्या वर्षी बार्नेकल भरपूर बसतात, एखाद्या वर्षी उन्हाळा कडक पडतो. तुडवलेला चौकोन आपल्या कालच्या रूपासारखा झाला का, हे पाहून भागत नाही. शेजारच्या न तुडवलेल्या चौकोनाच्या आजच्या रूपासारखा झाला का, हे पाहावे लागते. आणि तसे पाहण्यासाठी कुठेतरी न तुडवलेला कातळ शिल्लक असावा लागतो.

कॅलिफोर्नियात सान डिएगोजवळ काब्रियो राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतील किनाऱ्यावर हे तत्त्व व्यवस्थापनात उतरले आहे. ओहोटीची डबकी पाहायला तिथे लोकांची रीघ लागते. किनाऱ्याचे तीन भाग केले आहेत. १९९० पासून तिन्हींत ठरावीक जागी नोंदी घेतल्या जातात आणि तिसरा, सर्वांत दूरचा भाग १९९६ पासून लोकांना बंद आहे. तिथल्या एका रहिवाशावरून बंदीचा अर्थ चांगला कळतो. आउल लिंपेट हा तिथला मोठा लिंपेट आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खायला किंवा शोभेला सर्वांत मोठे उचलले की नेमक्या माद्या जातात, आणि संख्या फारशी घटली नाही तरी पुढची पिढी घटते. बंदीने मात्र सगळेच थांबत नाही. २०१३ पासून मेक्सिको ते अलास्का या पट्ट्यात तारामासे विरघळून मरण्याची साथ पसरली, तिने बंद आणि खुला किनारा असा भेद केला नाही.

पाटी लावणे, रखवालदार ठेवणे, गटागटाने सोडणे हे उपाय सगळीकडे थोडेफार होतात. खरा वाद गर्दी विखुरावी की एकवटावी हा आहे. विखुरणे दयाळू वाटते; प्रत्येक खडकावर थोडीथोडीच पावले. पण पहिलीच पावले सर्वांत जास्त मोडतात हे एकदा मान्य केले की विखुरण्याचा अर्थ सगळा किनारा अर्धवट तुडवणे असा होतो. एकवटणे कठोर वाटले तरी हिशेबाने तेच बरे: एक कातळ लोकांना द्यावा, तो गालिच्याच्या शेवाळाचा होईल हे धरून चालावे, आणि बाकीचा खरोखर सोडावा. ऑरेगनमधल्या याक्विना हेड येथे याची एक टोकाची रीत आहे. तिथे रस्त्यांसाठी दगड काढून झालेल्या खाणीत समुद्राचे पाणी येऊ देऊन डबकी बनवली आणि चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल अशा वाटा केल्या. आधीच मोडलेला दगड लोकांसाठी खुला केला. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेकडेच लोक वळतात, हाही अनुभव आहे. सिसिलीजवळच्या उस्तिका बेटाभोवतीचे समुद्री राखीव क्षेत्र १९८६ चे, आणि उथळ पाण्यातल्या शेवाळावर पोहणाऱ्यांच्या पायांचा परिणाम मोजण्याचे इटालियन प्रयोग तिथेच करण्यात आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बेसाल्ट आणि जांभ्याचे सुळके जागोजाग समुद्रात घुसलेले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी असेच कातळ पसरलेले आहेत. मुंबईचे वेळापत्रक तर पावलांसाठी बनवल्यासारखे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास इथली मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, म्हणजे खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला, फिरायला निघण्याच्या वेळेला. पाणी चार मीटरांहून अधिक उतरते आणि हाजी अली, वरळी, वांद्रे येथले खडप उघडे पडतात. त्यांवर समुद्रफुले, समुद्री गोगलगाई आणि प्रवाळाच्या वसाहती आहेत, हे शहरातल्या पुष्कळांना २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमामुळे कळले. प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे; ते पायाखाली असू शकते याची कल्पना मात्र नसते. लोकांना किनारा कळावा म्हणून त्यांना किनाऱ्यावर न्यावेच लागते, आणि नेले की पाय पडतातच. ही अडचण जगातल्या प्रत्येक किनारा-सहलीची आहे. लहान गट, ठरलेली वाट आणि पुढे वाट माहीत असलेला माणूस हेच तिच्यावरचे व्यवहारी उत्तर. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात, नरारा येथे, ओहोटीला चालत प्रवाळ पाहता येतो आणि तिथेही वाट दाखवणाराच महत्त्वाचा.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तिथे कातळावर चालणाऱ्यांपेक्षा उथळ पाण्यात मुखवटा लावून पोहणाऱ्यांचे पाय जास्त लागतात. दमलेला माणूस जे हाताशी येईल त्यावर उभा राहतो. कालवे काढणाऱ्या बायकांचे पायही पिढ्यान्‌पिढ्या कातळावर पडत आले आहेत. त्यांचा वावर शून्य परिणामाचा नसतो, हे चिलीच्या कुंपणाने दाखवले आहे. पण त्या मोजक्या, ठरल्या वाटांनी जातात, आणि घसरायचे नसल्याने ओल्या शेवाळावर पाय देत नाहीत. पर्यटकाचा पाय सेल्फीसाठी नेमका पाण्याच्या कडेला जातो, जिथे वस्ती सर्वांत दाट.

कोकणच्या कातळाला एक वार्षिक सुट्टी मिळते. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि कातळावर उतरण्याची सोय राहत नाही. त्याच काळात लाटा सैल झालेले सगळे धुऊन नेतात आणि मोकळा दगड तयार करतात. पाऊस ओसरल्यावर पाणी निवळते, शेवाळ फुटते आणि हिवाळाभर वाढते. मार्चनंतरच्या उन्हात ते पुन्हा करपते. किनाऱ्यावरची गर्दी दिवाळीच्या सुट्टीत सुरू होते आणि मेपर्यंत टिकते. शेवाळाची कोवळी पकड आणि सुट्टीची पहिली झुंबड एकाच महिन्यात पडतात. पर्यटनाच्या आखणीत एखादा कातळ बंद ठेवायचा झाला तर तो ऑक्टोबर ते डिसेंबर बंद ठेवल्याचा फायदा एप्रिल-मेमधल्या तेवढ्याच बंदीपेक्षा जास्त असेल, कारण एप्रिलमध्ये ऊन आधीच अर्धे काम करून गेलेले असते.